पोरगा ग्राउंडवर टिकत का नाही? खेळ, मन आणि मोटिवेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी शाळेत पीटी शिकवतो. पालक सभेत, शाळेच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत आणि आता व्हॉट्सअॅपवर पण तेच तेच प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू. प्रश्न जसे लोक विचारतात तसेच ठेवलेत.

सर, आमच्या पोराला खेळाची आवडच नाही. जरा मोटिवेट करा ना त्याला.

हा प्रश्न एक नंबरला येतो. आणि गंमत अशी की ज्याच्याबद्दल विचारतात तोच पोरगा रात्री नऊपर्यंत गल्लीत लाइटच्या खांबाखाली क्रिकेट खेळत असतो, आई हाका मारून थकते तरी येत नाही. तोच शाळेच्या पीटीच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून कट्ट्यावर बसतो. म्हणजे आवड आहे ना भाऊ, आमच्या तासातच काहीतरी खटकतंय त्याला.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे दोघं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी आयुष्यभर याच गोष्टीवर काम केलं की माणूस आपणहून एखादी गोष्ट का करतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की माणसाला तीन गोष्टी लागतात: थोडं आपल्या मनाने ठरवता आलं पाहिजे, आपल्याला हे जमतंय असं वाटलं पाहिजे, आणि तिथे आपल्याला कोणी आपलं मानलं पाहिजे. आता गल्लीतलं क्रिकेट बघा. नियम पोरांचेच (भिंतीला लागला तर दोन, पाटलांच्या गच्चीवर गेला तर आउट), टीम पोरांचीच, आणि ज्याला बॅटिंग येत नाही त्याला पण शेवटी दोन बॉल मिळतात. तिन्ही गोष्टी जागच्या जागी. आणि शाळेत? रांगेत उभे राहा, सावधान, विश्राम, आणि मग ज्याला येतं त्यानेच खेळायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

यातली मधली गोष्ट, म्हणजे "मला जमतंय", ती माझ्या मते सगळ्यात वजनदार. लांब उडीच्या खड्ड्याजवळ मी असं करतो की प्रत्येकाची मागच्या वेळची उडी जिथे पडली तिथे बाजूला फक्कीने बारीक रेघ मारायची आणि त्यावर त्याचं आद्याक्षर. मग पोरगी उडी मारते, पाय झटकते आणि मागे वळून आधी आपली रेघ बघते, दुसऱ्या कोणाची नाही. चार बोटं पुढे गेली तरी ओरडत येते, "सर, मोजा ना!" वर्गात सगळ्यात मागे असलेली पोरगी, पण आज ती कालच्यापेक्षा पुढे. तिला मोटिवेट करायला मला काही बोलावं लागत नाही.

मग ती मोटिवेशनल भाषणं, व्हिडिओ? काही उपयोग?

दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पोरगा परत पांघरुणात. भाषण म्हणजे पाटाने सोडलेलं पाणी, एकदम येतं आणि वाहून जातं, पोराला ठिबक लागतं, रोज थोडं थोडं, मुळाशी. हे रावेर-यावलच्या केळीवाल्यांना मी वेगळं सांगायला नको.

चांगला खेळला तर मोबाईल घेऊन देतो असं सांगितलंय. बरोबर ना?

आता हे जरा नीट बघावं लागेल, कारण उत्तर हो पण आहे आणि नाही पण.

१९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी एक प्रयोग केला, फार प्रसिद्ध आहे. ज्या लहान मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं त्यांचे गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्याला सर्टिफिकेट दिलं पण अचानक, आधी न सांगता. तिसऱ्याला काहीच नाही. नंतर काही दिवसांनी पेनं नुसती समोर ठेवली, तर ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं ती मुलं बाकीच्यांपेक्षा बरीच कमी वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम मजुरीचं झालं. अचानक दिलेल्या बक्षिसाने मात्र काही बिघडलं नाही.

म्हणून मी सांगतो, आधी बोली करू नका. खेळून आला, घामाघूम झाला, मग संध्याकाळी न सांगता भरीत-भाकरीचा बेत करा किंवा नवे बूट आणा, ते चालतं.

पण मी काही साधुसंत नाही. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, कापसाचा भाव पडलेल्या घरात बाप त्याकडे बघूनच पोराला ग्राउंडवर सोडतो, आणि त्यात गैर काय? ज्याला मुळात आवडच नाही त्याला सुरुवातीला बाहेरचं आमिष ग्राउंडपर्यंत आणतं. फक्त सहा महिन्यांनी तो निव्वळ गुणांसाठीच येत असेल तर गुण मिळाले की तो गेला समजा. सर्टिफिकेट हातात पडल्यावर परत कधी ग्राउंडकडे न फिरकलेली पोरं मी भरपूर बघितलीत.

प्रॅक्टिसला वाघ, मॅचला शेळी. हातपाय गळतात. काय करावं?

याला घाबरट म्हणू नका आधी. हे सगळ्यांना होतं, ऑलिम्पिकवाल्यांना पण.

थोडं टेन्शन पाहिजेच, त्याशिवाय अंगात जोर येत नाही. पण एका मर्यादेपलीकडे गेलं की उलटं होतं. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर प्रयोग करून हे पहिल्यांदा मांडलं, आणि त्यातली खरी मेख अशी की काम जितकं अवघड, नाजूक, तितकं कमी टेन्शन झेपतं. म्हणजे रस्सीखेच असेल तर पोरगं तापलेलं बरं, पण नेमबाजी, कॅरम, बुद्धिबळ असेल तर तेवढंच तापलेलं पोरगं वाया जातं. आणि आपण काय करतो, सगळ्यांच्या पाठीवर सारखीच थाप मारून "जोर लावा रे" म्हणतो!

दुसरी गोष्ट गर्दीची. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिप्लेटला दिसलं की सायकलवाले एकटे असताना जेवढे पळतात त्यापेक्षा बरोबर कोणी असलं की जास्त पळतात. मग १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्सने हे सोडवलं की लोक बघत असले म्हणजे जे अंगवळणी पडलंय ते अजून चांगलं होतं आणि जे कच्चं आहे ते अजून बिघडतं. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत बघा ना, हलगी वाजते, चारी बाजूने माणूस, आणि मुरलेला पैलवान त्यात फुलतो, तर परवा शिकलेला डाव टाकायला गेलेला पोरगा स्वतःच खाली. म्हणून मॅचच्या आठ दिवस आधी नवीन डाव शिकवणं बंद. जे येतं तेच घोटायचं.

तिसरं म्हणजे डोकं मध्ये येणं. रॉय बॉमाइस्टरने १९८४ मध्ये दाखवलं की दबावात माणूस आपल्याच हालचालीकडे लक्ष द्यायला लागतो आणि जे आपोआप होत होतं ते अडखळतं. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची, तेवढ्यात बाहेरून सर ओरडतायत "पाय बघ", काका ओरडतायत "बोनस घे", मित्र ओरडतोय "डावा कोपरा", पोरगा करणार काय? आमच्याकडे नियम आहे की चढाईला जाताना एकच शब्द, तो पण पोराने स्वतः निवडलेला. एकाचा "हलका" आहे, एकाचा "थांब". एक पोरगा "आई" म्हणतो, म्हणू दे.

करायच्या गोष्टी अशा. श्वास हळू सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, पाच-सहा वेळा. मॅचच्या आधी रोज तोच क्रम ठेवायचा, बूट बांधणं, पाणी, स्ट्रेचिंग, म्हणजे शरीराला ओळखीचं वाटतं. आणि प्रॅक्टिसमध्येच दबाव आणायचा: "स्कोअर २४-२५, शेवटची चढाई, हरलात तर सामान तुम्ही आवरायचं", आणि बाकीच्या पोरांना सांगायचं बोंबला. शाळेतली पोरं बोंबलायला नेहमीच तयार असतात.

अजून एक. "घाबरू नको" हे सांगून कोणाची भीती गेलेली मी पाहिली नाही. हार्वर्डमधल्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की धडधड व्हायला लागली की "शांत हो" म्हणण्यापेक्षा "मला मजा येतेय, मी तयार आहे" असं स्वतःला सांगणारे लोक गाणं, भाषण, गणित यात चांगलं करतात. धडधड तीच, नाव बदललं. पोरांना हे लगेच पटतं, मोठ्यांना वेळ लागतो.

मॅचला मी बाउंड्रीवरून सूचना देतो, वडील म्हणून. चालतं ना?

नाही चालत, अप्पा. टाळ्या वाजवा, पाण्याची बाटली धरा.

हरून घरी आला की काय बोलायचं? तो जेवत पण नाही.

पहिला तासभर काहीच बोलू नका. खरंच. "काय व्हयनं रे भो?" एवढं विचारा आणि तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर ताट वाढा.

मग नंतर जे बोलाल त्यात फरक पडतो. पोरगा हरण्याचं कारण कशावर टाकतो ते कान देऊन ऐका. "पंच त्यांचाच होता", "आपलं नशीबच नाही", "माझ्यात दमच नाही", ही तिन्ही कारणं अशी आहेत की त्याच्या हातात काहीच उरत नाही, मग प्रॅक्टिसला तरी कशाला जायचं? बर्नार्ड वाइनर या मानसशास्त्रज्ञाचं काम यावरच आहे, की माणूस हार-जितीचं कारण कुठे शोधतो त्यावर तो पुढे प्रयत्न करेल की नाही हे ठरतं. "शेवटच्या पाच मिनिटांत दम गेला" हे कारण कामाचं, कारण दम वाढवता येतो. पंच खरंच वाईट होता हे कधीकधी खरं असतं, तेव्हा "हो रे, होता" म्हणून टाका आणि विषय पुढे न्या, उगाच खोटं बोलू नका पोराशी.

दुसऱ्या नंबरवाल्याची तर वेगळीच गोष्ट. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकची चित्रफीत बघून मेडवेक, मेडी आणि गिलोविच या तिघांनी १९९५ मध्ये लिहिलं की ब्राँझवाले सिल्व्हरवाल्यांपेक्षा जास्त खूश दिसतात. सिल्व्हरवाला विचार करतो "थोडक्यात गोल्ड गेलं", ब्राँझवाला विचार करतो "वाचलो बाबा, मेडल तरी आलं". जिल्हा स्पर्धेच्या फोटोत हेच दिसेल तुम्हाला. मग दुसरा आलेल्या पोराला घरी आल्यावर "अजून थोडं पळाला असतास तर" हे वाक्य बिलकुल नको, ते तो आधीच शंभर वेळा स्वतःला म्हणून चुकलाय.

पी. टी. उषा १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर हर्डल्सला सेकंदाच्या शंभराव्या भागाने ब्राँझ हुकली. दोन वर्षांनी सोलच्या आशियाई स्पर्धेत तिने चार गोल्ड आणि एक सिल्व्हर घेतलं. पोरांना ही दोन वर्षं सांगा. नुसता शंभरावा भाग सांगून हळहळत बसू नका.

शिक्षेशिवाय शिस्त येत नाही हो सर. आमच्या वेळी तर छडीच होती.

छडीचा विषय कायद्यानेच संपलाय, शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ वाचा, मारणं तर नाहीच, मानसिक छळ पण चालत नाही. पण मला वाद कायद्याचा घालायचा नाही.

उशिरा आला, मार ग्राउंडला पाच चकरा. बोलत होता, काढ पन्नास उठाबशा. म्हणजे आपण पोराला काय शिकवतोय? की पळणं ही सजा आहे. आणि मग हाच पोरगा वीस वर्षांचा झाल्यावर पळायला जात नाही म्हणून आपणच कपाळाला हात लावतो. माझ्याकडे उशिरा येणाऱ्याला शिक्षा अशी की त्या दिवशी तो पहिली दहा मिनिटं खेळणार नाही, सामान सांभाळणार. खेळायला न मिळणं ही शिक्षा वाटली पाहिजे, तर ग्राउंड बरोबर चाललंय.

टीम पाडताना आमचा मुलगा नेहमी शेवटी उरतो.

हे दोन कॅप्टन उभे करून "मी हा घेतला, मी तो घेतला" प्रकरण बंदच करायला पाहिजे, सगळ्या शाळांमध्ये. चाळीस जणांसमोर रोज कोणाची तरी किंमत काढायची आणि वर म्हणायचं खेळाने आत्मविश्वास वाढतो! नंबर मोजा, एक-दोन-एक-दोन, झाल्या टीम. सरांना जाऊन सांगा, भांडू नका, शांतपणे सांगा.

मुलगी आठवीपर्यंत मस्त खेळायची, आता नको म्हणते.

मन बदललं असं लोक म्हणतात. मी आधी टॉयलेट बघतो. ग्राउंडजवळ पाण्याचं, दार लागणारं टॉयलेट आहे का, पाळीच्या दिवसात न विचारता बसायची मुभा आहे का, ड्रेस असा आहे का की वाकलं तरी संकोच वाटणार नाही, गेटजवळ टवाळ पोरं उभी असतात का. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर मुलगी "आवड नाही" म्हणते, कारण खरं कारण पुरुष सरांना सांगणार कसं. शाळेत मॅडम असतील तर त्यांच्यामार्फत विचारा.

बाकी घरचं दडपण आहेच. "काळी पडशील", "लग्नाला वय झालं", "शॉर्टवर पळते". मी आयांना सांगतो की ताई, तिच्या दोन मैत्रिणींना पण पाठवा. एकटी मुलगी टिकत नाही, तिघी टिकतात. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला १० हजार मीटरमध्ये ब्राँझ घेऊन आली, आमच्या मुलींना ती सिनेमातल्या कोणापेक्षा जास्त जवळची वाटते, कारण ती पण डोंगरातल्या पाड्यावरचीच.

नंदुरबारकडची आदिवासी पोरं जन्मजातच पळतात म्हणतात. मग आमच्या पोरांनी कशाला मेहनत घ्यायची?

हे वाक्य मला आवडत नाही, दोन्ही बाजूने. धडगाव-अक्कलकुव्याचा पोरगा लहानपणापासून डोंगर चढतो-उतरतो, पाणी आणतो, शाळेला चालत जातो, ती त्याची वर्षानुवर्षांची प्रॅक्टिस आहे, आणि आपण तिला "जन्मजात" म्हणून त्याची मेहनत खाऊन टाकतो. आणि त्याला सतत "तुझ्यात टॅलेंट आहे" सांगितलं की तो पहिल्यांदा हरला की संपला, त्याला वाटतं टॅलेंट गेलं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये मुलांवर हेच तपासलं, हुशार म्हणून कौतुक केलेली मुलं अपयश आल्यावर लवकर मागे हटली, मेहनतीचं कौतुक झालेली चिकटून राहिली. ते प्रयोग कोड्यांवर होते, पळण्यावर नाही, पण ग्राउंडवर मला तसंच दिसतं.

तर तुमच्या पोराने मेहनत घ्यायचीच. अल्बर्ट बंडुराने १९७७ मध्ये आत्मविश्वास कुठून येतो त्याची चार उगमं सांगितली: स्वतः करून बघितलेलं, आपल्यासारख्याला करताना बघितलेलं, कोणी भरवशाच्या माणसाने सांगितलेलं, आणि शरीराची त्या वेळची अवस्था. पहिलं सगळ्यात पक्कं. पण दुसरं पण कमी नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले, त्यानंतर इकडच्या तालमीतल्या पोराला "कोल्हापूरवालेच जिंकतात" असं म्हणायची सोय राहिली नाही.

वयोगटात माझा मुलगा नेहमी छोटाच दिसतो, सिलेक्शन होत नाही, खचलाय.

जन्मतारीख बघा. शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालील अशा असतात, आणि एकाच गटात जानेवारीतला आणि डिसेंबरातला पोरगा म्हणजे जवळपास वर्षाचा फरक. त्या वयात वर्षभरात पोरं हातभर वाढतात. कॅनडात आइस हॉकीवाल्यांच्या जन्मतारखा मोजल्या तर वर्षाच्या सुरुवातीचे महिने भरून वाहत होते, १९८५ ला बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी ते छापलं. आपल्याकडे तर अर्ध्या गावाची जन्मतारीख गुरुजींनी लावलेली १ जून, त्यामुळे कागदाचा तर विषयच सोडा. छोट्या पोराला सांगा की तुझी वाढ अजून बाकी आहे, आणि तोवर चपळाईवर काम कर. सिलेक्टरला पण सांगा, जमलं तर.

पोलीस भरतीची तयारी करतोय, १६०० ला तिसऱ्या राउंडला मन म्हणतं थांब. काय करू?

खान्देशात सकाळी पाचला कुठल्याही गावाच्या रोडवर जा, भरतीवाली पोरं-पोरी पळताना दिसतील, म्हणून याचं जरा सविस्तर सांगतो. मैदानी चाचणी ५० गुणांची, मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळा, मुलींना १६०० ऐवजी ८००.

"पूर्ण ताकदीने पळायचं" हे ध्येय नाही, ती इच्छा आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांचं सगळं संशोधन हेच सांगतं की नेमकं आणि थोडं अवघड ध्येय असलं तर माणूस "जमेल तेवढं कर"पेक्षा जास्त करतो. म्हणजे तुला सहा मिनिटांत १६०० मारायचं असेल तर ४०० ची एक चक्कर ९० सेकंदांत. बहुतेक पोरं पहिली चक्कर ७५ ला मारतात, मित्र बघतायत ना, आणि मग तिसरीला मेलेले असतात आणि म्हणतात माझं मन कमजोर. मन नाही रे, हिशोब कमजोर. घड्याळ लावून पहिली चक्कर मुद्दाम हळू मारायची सवय कर.

तरी तिसरी चक्कर जड जातेच, नवेपणा संपलेला असतो आणि शेवट दिसत नाही. तिथे बोलायचं वाक्य आधीच ठरवून ठेव. ब्रिटनमध्ये २०१४ ला छापून आलेल्या एका अभ्यासात सायकलवर दमेपर्यंत पेडल मारायला लावलं, ज्यांना स्वतःशी धीराचं बोलायला शिकवलं ते आधीपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त वेळ टिकले. वाक्य तुझं पाहिजे, तुझ्या भाषेत पाहिजे. अहिराणीत विचार करतो तर अहिराणीतच बोल, पुस्तकी "मी करू शकतो" कोणाच्याच पायात उतरत नाही.

आणि निकाल तुझ्या हातात नाही, जागा किती आणि येणारे किती ते माहितीच आहे. आठवड्यातून किती दिवस पळालास, झोप किती झाली, हे तुझ्या हातात. वहीत ते लिही.

एप्रिल-मे मध्ये पोरं ग्राउंडवर ढेपाळतात. आळस ना?

ऊन आहे ते, आळस कसला! जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला जातो आणि आपण म्हणतो पोरात जिगर नाही. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं, वेड्यासारखं बोलणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत, सावलीत घ्या, ओल्या कापडाने पुसा, बडबडायला लागला तर सरळ दवाखाना. प्रॅक्टिस सकाळी सहाला नाहीतर संध्याकाळी सहानंतर. पाणी मागणाऱ्याला "मॅच संपल्यावर" म्हणणारा कोच मला ग्राउंडवर नको.

रस्सीखेचला आमची टीम वजनाने भारी तरी हरते. का?

कारण आठ जणांत प्रत्येकाला वाटतं बाकीचे सात ओढतायत. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती इंजिनिअरने माणसांना खरंच दोर ओढायला लावून मोजलं होतं, १९१३ ला छापलं, की माणसं वाढली की एकेकाची ओढ कमी होत जाते. थोडा भाग ताल चुकण्याचा, थोडा अंग चोरण्याचा. ताल ठेवायला एक जण आवाज देणारा नेमा, आणि अंग चोरण्यावर उपाय म्हणजे प्रॅक्टिसला दोघा-दोघांना ओढायला लावा, म्हणजे कोण किती पाण्यात आहे ते सगळ्यांना दिसतं. गणपतीच्या वर्गणीला पण हेच होतं, असो.

डोळे मिटून मॅच डोक्यात खेळायची म्हणतात, ते थोतांड आहे का?

थोतांड नाही, पण प्रॅक्टिसच्या बदल्यात पण नाही. अमेरिकेचा पोहणारा मायकेल फेल्प्स २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या शर्यतीत गॉगलमध्ये पाणी शिरून आंधळाच झाला होता, हात मोजत पोहला आणि गोल्ड घेतलं, कारण असं काही बिघडलं तर काय करायचं हे त्याने डोक्यात आधी पोहून ठेवलेलं होतं. म्हणजे नुसतं जिंकताना बघायचं नाही, पाय घसरला, बूट फाटला, पहिला पॉइंट गेला, तेव्हा काय करेन हे पण बघायचं. झोपायच्या आधी पाच मिनिटं पुरे.

इजा बरी झाली पण पोरगा पाय टाकायला घाबरतो.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिलाय ना, मग भीती पण इजेसारखीच बरी करावी लागते, पायरीपायरीने. आधी चालत, मग एकट्याने हळू, मग ओळखीच्या एकासमोर, मग टीममध्ये. आणि बेडवर असताना पण त्याला ग्राउंडवर आणून बसवा, स्कोअर लिहायला द्या, तुटू देऊ नका.

हे साधं टेन्शन नाही, पोरगी झोपत नाही, रडते, खेळ सोडून बाकी पण सगळं सोडलंय.

मग हा माझा विषय नाही आणि कोचचा पण नाही, डॉक्टरांचा आहे. दोन-तीन आठवडे असं चाललं असेल तर वाट बघू नका, आणि मरणाचं बोलत असेल तर आजच जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने टोकियो ऑलिम्पिकमध्ये मध्येच थांबून सांगितलं की माझं मन ठीक नाही, आणि २०२४ ला पॅरिसला परत येऊन तीन गोल्ड घेतले. भगत-भोप्याकडे नेऊन महिने घालवू नका, हात जोडून सांगतो.

दहावीचं वर्ष आहे, खेळ बंद करू का?

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं घाम येईल अशी हालचाल सांगते, त्यात दहावीची सूट दिलेली नाही. मॅचेस कमी करा, बाहेरगावचे दौरे थांबवा, क्लासच्या वेळा बघून प्रॅक्टिस सकाळी घ्या. पण संध्याकाळचा तास तोडला तर तो तास अभ्यासात जाईल असं कुठल्या बापाला वाटतं? तो मोबाईलमध्ये जातो. पोरालाच विचारा कोणता दिवस ठेवायचा आणि कोणता सोडायचा, त्याने ठरवलेलं टाइमटेबल तो पाळतो, तुम्ही भिंतीवर चिकटवलेलं नाही पाळत.